पैसे भरून आलेली लिस्टिंग चुकीच्या कॅटेगरीत असेल तर हलवायची की राहू द्यायची?

अनुक्रमणिका
मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो. मी आणि अजून दोघं मिळून एक वेब डिरेक्टरी, म्हणजे विषयवार लावलेली साईटची यादी, चालवतो. हाताने तपासलेली, म्हणजे आलेली प्रत्येक साईट आमच्यातलं कुणीतरी उघडून बघतं आणि मगच लावतं. फुकट लिस्टिंगला रांग आहे. पैसे भरलेली वार्षिक लिस्टिंग लवकर तपासली जाते आणि कॅटेगरीच्या पानावर वरच्या भागात दिसते. फॉर्ममध्ये कॅटेगरी मात्र भरणाराच निवडतो, आणि सगळी बोंब तिथेच आहे.

परवा एक पेड लिस्टिंग आली. शैक्षणिक कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटची साईट. कॅटेगरी निवडली होती शिक्षण > शिष्यवृत्ती. साईट सगळी चाळली, शिष्यवृत्तीचा एकही शब्द नाही, नुसते कर्जाचे फॉर्म. मी ती अर्थ > कर्ज > शैक्षणिक कर्ज मध्ये नेली, वर्णनातलं 'सर्वोत्तम' आणि 'नंबर एक' काढलं आणि लाईव्ह केली. दुसऱ्या दिवशी मेल हजर, मी त्या पानाचे पैसे भरलेत, तुम्ही मला अडगळीत टाकलं, एकतर परत न्या नाहीतर पैसे परत करा. आमच्या नियमांमध्ये 'कॅटेगरी बदलण्याचा अधिकार आमच्याकडे आहे' असं एक वाक्य आहे खरं, पण ते पार तळाशी, आणि खरं सांगायचं तर मलाच शोधावं लागलं.

जोडीदारांत दोन तट पडलेत. एक म्हणतो राहू दे ना, कुणाचं काय बिघडतं. दुसरी म्हणते पैसे परत कर आणि हाकल. तुम्ही असल्या वेळी काय करता?

रिकामा_खण
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

गल्ला
अहो सोपं आहे की. गिऱ्हाईकाने पैसे मोजले, गिऱ्हाईकाने जागा निवडली, फॉर्ममध्ये निवडायचा पर्याय तुम्हीच दिलात. आता 'नाही, आम्ही ठरवणार' म्हणजे काय? ड्रॉपडाऊन काढून टाका मग. मी ५-६ वर्षं लिस्टिंग विकण्याचंच काम केलंय, माझा अनुभव असा की माणूस कॅटेगरीसाठीच पैसे देतो. शिष्यवृत्तीच्या पानावर वर्दळ आहे, कर्जाच्या पानावर कुत्रं फिरकत नाही, त्याला हे कळतं म्हणून त्याने ते निवडलं. तो हुशार निघाला एवढाच त्याचा गुन्हा.

खडूस_संपादक
गल्लाभाऊ, तुमचं एक वाक्य सोडून बाकी सगळ्याला विरोध. सोडलेलं वाक्य 'ड्रॉपडाऊन काढून टाका'. त्यावर नंतर येतो.

पैसे कशाचे घेतोय हे आधी ठरवा, कॅटेगरी मग आपोआप ठरते. याहूची डिरेक्टरी आठवते का कुणाला? १९९४ साली यांग आणि फायलो या दोघांनी सुरू केलेली. पुढे तिथे व्यापारी साईटना वर्षाला २९९ डॉलर भरावे लागायचे. पण ते पैसे लिस्टिंगचे नव्हतेच! सात कामाच्या दिवसांत संपादक तुमची साईट बघेल, एवढीच हमी. घ्यायची की नाही ते तो ठरवणार, आणि नाही घेतली तरी पैसे परत नाहीत. शीर्षक, वर्णन, कॅटेगरी यातलं तुम्ही फक्त सुचवायचं, शेवटचा शब्द संपादकाचा. आता पैसे परत न करणं मला तेव्हाही उर्मटपणा वाटायचा आणि आजही वाटतो, पण विकत काय दिलंय याबाबत त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. तपासणाऱ्याचा वेळ विकला, जागा विकली नाही.

तुमच्याकडे दोन्ही एकाच पावतीत बांधलंय. लवकर तपासणी हे एक, आणि पानावर वरची जागा हे दुसरं. म्हणून त्या एजंटला वाटलं की तिसरं, म्हणजे पानही, त्यातच आलं. चूक त्याची आहेच, पण पावती तुमची आहे.

नवा_भिडू
एक शंका, हसू नका. आजच्या काळात डिरेक्टरी वापरतं कोण? याहूवाली २०१४ च्या शेवटी बंद, स्वयंसेवकांची डीमॉझ डिरेक्टरी मार्च २०१७ मध्ये बंद, गूगलची स्वतःची डिरेक्टरी तर २०११ मध्येच गेली. मग हा वाद म्हणजे मोडलेल्या गाडीत खिडकीजवळ कोण बसणार, असा नाही का?

अनुक्रमणिका
हसत नाही, रास्त शंका आहे. सगळ्या जगाची एक डिरेक्टरी हा प्रकार संपला, मान्य. पण एका विषयापुरत्या डिरेक्टऱ्या चालतात, आमची त्यातलीच. आणि कॅटेगरीचं भांडण तर सगळीकडे आहे. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करताना एक मुख्य कॅटेगरी आणि वर जास्तीत जास्त नऊ जादा घेता येतात, तिथेही लोक भलतंच निवडतात. ॲपलच्या ॲप स्टोअरच्या नियमावलीत २.३.५ क्रमांकाचा नियमच आहे की कॅटेगरी फारच चुकीची निवडली असेल तर आम्ही बदलू शकतो. म्हणजे एवढ्या मोठ्यांनाही 'तुम्ही सुचवा, आम्ही ठरवू' असं लिहून ठेवावं लागलंय.

सेमीकोलन
मी तांत्रिक बाजूने बोलतो, नैतिक बाजू तुम्ही लढवा.

तुमच्या डेटाबेसच्या टेबलमध्ये कॅटेगरीचं एकच फील्ड असणार, पैज लावतो. फॉर्ममधून आलेली तिथेच बसते आणि तुम्ही हलवलं की जुनी पुसली जाते. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक भांडायला आलं की त्याने काय मागितलं होतं याचा पुरावाच नाही. दोन फील्ड करा, मागितलेली आणि दिलेली. सोबत कुणी हलवलं, कधी, आणि एका ओळीत का. 'का' ची ओळ सक्तीची ठेवा, ती भरल्याशिवाय सेव्ह होता कामा नये. आमच्याकडे ही सक्ती केली तेव्हा दोन संपादक चिडले होते, पण कारण लिहावं लागतंय म्हटल्यावर उगाच हलवाहलवी थांबली, हा फायदा आम्ही धरलाच नव्हता.

दुसरं. पैशाची नोंद लिस्टिंगला जोडा, कॅटेगरीला नाही. मी अशी एक स्क्रिप्ट बघितलीय की ज्यात ऑर्डरच कॅटेगरीच्या नंबरावर होती. साईट हलवली की सिस्टमला वाटायचं नव्या जागेचे पैसे आलेच नाहीत, आणि रात्रीचा जॉब लिस्टिंग मुदत संपली म्हणून उडवायचा. गिऱ्हाईकाला आधी हलवलं, मग उडवलं, वरून रिन्यू करा असा मेल. विचार करा काय वातावरण झालं असेल.

तिसरं, लिस्टिंगचं स्वतःचं पान असेल तर त्याच्या पत्त्यात कॅटेगरीचा मार्ग घालू नका. शिक्षण/शिष्यवृत्ती/अमुक असा पत्ता केला की हलवल्यावर तो मोडला, मग ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारा रिडायरेक्ट) लावत बसा. नुसता नंबर आणि नाव ठेवा, कॅटेगरी वरच्या ब्रेडक्रंबमध्ये, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या 'शिक्षण > शिष्यवृत्ती' अशा ओळीत, दिसू दे. जुने पत्ते आधीच तसे असतील तर मात्र ३०१ लागणारच, आणि पाच वेळा हलवलेल्या साईटची पाच रिडायरेक्टची साखळी होऊ देऊ नका, सगळे जुने पत्ते थेट शेवटच्या पत्त्यावर न्या.

आणि पैसे परत करण्याचा प्रश्न येऊच द्यायचा नसेल तर पेमेंट दोन टप्प्यांत घ्या. बहुतेक पेमेंट गेटवेंमध्ये (ऑनलाईन पैसे घेणाऱ्या सेवांमध्ये) कार्डावर रक्कम आधी नुसती अडवून ठेवता येते आणि तपासणी झाली की वसूल करता येते. अडवलेली रक्कम कायम अडून राहत नाही, साधारण आठवडाभरात सुटते, गेटवेप्रमाणे कमीजास्त. म्हणजे तपासणी त्याच्या आत झाली पाहिजे. कॅटेगरी बदलायची असेल तर वसुलीच्या आधी मेल टाका, हो म्हणाला तर वसूल, नाही म्हणाला तर सोडून द्या. पैसे घेतलेच नाहीत तर परत कसले करणार?

टंकनदोष
सेमीकोलन यांना दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

गल्ला
दोन टप्प्यांची आयडिया पटली. बाकी 'हुशार निघाला एवढाच गुन्हा' यावर मी ठाम.

रिकामा_खण
आलो. रुमाल उचलतो.

गल्ला, ज्याचं काय बिघडतं तो माणूस तुमच्या हिशोबातच नाहीये, म्हणून सगळं सोपं दिसतंय. शिष्यवृत्तीच्या पानावर येतो तो मुलगा किंवा मुलगी. फी भरायला पैसे नाहीत म्हणून आलेत. 'शिष्यवृत्ती' शब्दाचा अर्थच परत न करायचे पैसे. यादीत वरची लिंक दाबली, फॉर्म भरला, फोन नंबर दिला, आणि पलीकडून कर्ज. तो फॉर्म त्याने डिरेक्टरीवर विश्वास ठेवून भरला, एजंटवर नाही. एजंटला तर तो ओळखतही नव्हता.

मी एका ऐच्छिक डिरेक्टरीत संपादनाचं काम केलंय, नाव नको. तिथे आमची कसोटी साधी होती, साईटवर आलेला माणूस जाताना काय घेऊन जातो? कर्ज घेऊन जात असेल तर ती कर्जाची साईट, मग ती शिक्षणासाठी असो नाहीतर घरासाठी. भाषांतर करून देणाऱ्यांना नेहमी 'भाषा शिका' मध्ये बसायचं असतं. पण त्यांच्याकडून माणूस भाषांतर घेऊन जातो, भाषा नाही. गाद्या विकणारे 'आरोग्य' मागतात, पाठदुखी दाखवून. कसोटी लावली की दहातले आठ वाद पाच मिनिटांत मिटतात. उरलेले दोन खरंच अवघड असतात, आणि त्या दोनांत मी गिऱ्हाईकाचं ऐकतो. उदाहरणार्थ हिशोबाचं सॉफ्टवेअर. ते सॉफ्टवेअरमध्ये की अकाउंटिंगमध्ये? दोन्ही बरोबर. मग त्याला जिथे हवं तिथे ठेवावं, उगाच संपादकी गाजवू नये.

चष्मा_विसरले
पण दोन्ही बरोबर असेल तर दोन्हीकडे का नको? आमच्याकडे दुसऱ्या कॅटेगरीचे जादा पैसे घेतो. कुणाची तक्रार नाही.

खडूस_संपादक
तक्रार करणारा तुमच्याकडे मेल करत नाही हो, तो दुसऱ्या साईटवर जातो.

दोन कॅटेगऱ्या द्यायला माझी हरकत नाही, पण दुसरीही कसोटीला उतरली तरच. पैसे भरले म्हणून दुसरी द्यायची म्हटलं की लोक पहिली खरी निवडतात आणि दुसरी हवी ती, झालंच मग. डीमॉझमध्ये (१९९८ पासून, सगळं फुकट आणि ऐच्छिक) साधारण धोरण असं होतं की साईट एकाच विषयाच्या कॅटेगरीत, आणि स्थानिक स्वरूपाची असेल तर भौगोलिक शाखेत. बाकी ठिकाणी साईट नाही, तर कॅटेगरीच जोडायची. कॅटेगरीच्या नावापुढे @ असं चिन्ह दिसायचं ना, याहूवरही असायचं, ते म्हणजे 'ही कॅटेगरी मुळात दुसऱ्या शाखेत आहे, पण वाट इथूनही आहे'. अनुक्रमणिका, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. शिष्यवृत्तीच्या पानाखाली 'संबंधित: शैक्षणिक कर्ज@' अशी वाट ठेवा. ज्याला कर्जच हवंय तो जाईल, आणि नाव वाचून, डोळे उघडे ठेवून जाईल. त्या एजंटला वर्दळ हवी होती ना, घे म्हणावं थोडी.

अनुक्रमणिका
अरे हे आधी का नाही सुचलं! आमच्याकडे 'संबंधित कॅटेगरी' चा रकाना आहे, दोन वर्षांत कुणी भरलेला नाही.

सेमीकोलन
दोन ठिकाणी लावायचीच असेल तर मुख्य कुठली ते डेटाबेसमध्ये नोंदवा आणि कॅनॉनिकल (सर्च इंजिनला मूळ पान कुठलं ते सांगणारी खूण) तिकडेच दाखवा, नाहीतर एकाच मजकुराची दोन पानं होतात आणि सर्चवाले त्यातलं कुठलं उचलतील याचा नेम नाही. आणि कॅटेगरीचा आकडा मोजताना ती साईट दोनदा मोजू नका. वरच्या पातळीवर बेरीज फुगते आणि मग कुणीतरी विचारतं ३१२ म्हणता, मोजल्या तर २८० भरतात.

नवा_भिडू
अजून एक बाळबोध शंका. लोक वरची पातळीच का निवडतात? नुसतं 'शिक्षण'. आत सोळा पोटकॅटेगऱ्या असताना?

रिकामा_खण
कारण वरचं पान होमपेजपासून एका क्लिकवर असतं आणि त्याला बाहेरून लिंक जास्त मिळालेल्या असतात. एसइओवाल्यांनी (साईट सर्चमध्ये वर आणून देणाऱ्यांनी) हे गणित पूर्वीपासून पढवलंय. एके काळी पेड डिरेक्टरीची लिंक म्हणजे रँक विकत घेणं असा सरळ व्यवहार होता. 'ही लिंक रँकसाठी मोजू नका' असं सांगणारं नोफॉलो लेबल जानेवारी २००५ मध्ये आलं, एप्रिल २०१२ च्या गूगलच्या पेंग्विन अपडेटमध्ये विकतच्या लिंकांवर दणका बसला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पैसे दिलेल्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' असं वेगळं लेबलच आलं. पेड लिस्टिंगच्या लिंकला ते लावा. एक छुपा फायदा सांगतो, ते लावलंय असं फॉर्मवरच ठळक लिहिलं की फक्त लिंकच्या रसासाठी येणारे आपोआप गळतात, आणि वरच्या पातळीचा हट्टही कमी होतो. उरतात ते खरं गिऱ्हाईक शोधणारे, आणि त्यांना योग्य कॅटेगरी तुमच्याइतकीच हवी असते.

गल्ला
गळतात म्हणजे उत्पन्नही गळतं की राव. ते कोण सांगणार.

रिकामा_खण
गळतं. खोटं नाही बोलत. पहिल्या वर्षी चांगलंच गळतं.

खडूस_संपादक
वरची पातळी फॉर्ममध्ये बंदच ठेवा. शेवटच्या पातळीचंच पान निवडता येईल असं करा. आणि आता त्या ड्रॉपडाऊनवर येतो. ड्रॉपडाऊनच्या जागी शोधचौकट द्या. माणूस 'शैक्षणिक कर्ज' टाइप करेल, तुम्ही दोन-तीन कॅटेगऱ्या सुचवा आणि प्रत्येकीखाली तिथे आधीच असलेल्या तीन साईटची नावं दाखवा. आपले स्पर्धक कुठे बसलेत हे दिसलं की तो झक मारत तिथेच जातो. शेजारी शब्द बदला. 'कॅटेगरी निवडा' लिहाल तर निवडायचा हक्क दिलात. 'कॅटेगरी सुचवा' लिहा.

अजून एक, जे कुणी बोललं नाही. गिऱ्हाईक म्हणतं माझ्यासाठी नवीन कॅटेगरी काढा. ऐकायला सूज्ञ वाटतं, पण नव्या कॅटेगरीत तो एकटाच असतो, म्हणजे पहिला नंबर. आमचा नियम होता की किमान पाच आधीच लागलेल्या साईट तिकडे हलवता येत असतील तरच नवी कॅटेगरी. पेड साईटसाठी वेगळा नियम नाही. आणि वर्णानुक्रमाने यादी असेल तर नावाआधी 'अअअ' किंवा '१' लावणारेही येतील, त्यांना कंपनीचं खरं नाव नोंदणीप्रमाणे लिहायला लावा.

चष्मा_विसरले
उलटं झालं तर? म्हणजे गिऱ्हाईक बरोबर जागी आहे, पण कॅटेगरीच आम्ही फोडली. आम्ही एक मोठी कॅटेगरी चार भागांत फोडली तेव्हा पेडवाल्यांनी फार गोंधळ घातला. वर्ष संपायला आठ महिने होते त्यांचे.

खडूस_संपादक
तिथे मी पूर्णपणे गिऱ्हाईकाच्या बाजूने. तो पानाच्या वरच्या जागेचे पैसे देतोय, ते पान तुम्ही छाटलंत. आधी कळवा, कुठे जायचं ते विचारा, आणि मुदत वाढवून द्या किंवा उरलेल्या महिन्यांचे पैसे द्या. चूक निवडली त्याने तर नियम वेगळा, कॅटेगऱ्यांचं झाड तुम्ही हलवलंत तर वेगळा.

अनुक्रमणिका
चार दिवसांनी येतोय, प्रगती सांगतो.

एजंटला मेल लिहिला. आधीच्या मेलमध्ये मी 'नियमानुसार' हा शब्द तीनदा वापरला होता, तो काढला. सरळ लिहिलं की शिष्यवृत्तीच्या पानावर लोक परत न करायचे पैसे शोधत येतात, तुमच्याकडे ते नाहीत, आणि फॉर्ममध्ये ही गोष्ट स्पष्ट नव्हती ही चूक आमची, म्हणून कर्जाच्या पानावर राहायचं नसेल तर सगळे पैसे परत. खाली 'संबंधित कॅटेगरी' ची वाट चालू केली ते कळवलं. जोडीदारांपैकी 'हाकल' म्हणणारी नाराज आहे, तिच्या मते मी फार गोड लिहिलं.

त्याचं उत्तर आलं. कर्जाच्या पानावर राहायला तयार आहे. पण आता म्हणतो शिष्यवृत्तीच्या पानावर जाहिरातीची चौकट द्या, वर 'जाहिरात' असं लिहा पाहिजे तर, वेगळे पैसे देतो.

फॉर्मवरचा मजकूर असा केलाय, बघा बरं: 'तुमची साईट कुठे बसावी असं तुम्हाला वाटतं ते सुचवा. अंतिम कॅटेगरी आम्ही ठरवतो. ती तुमच्या सुचवणीपेक्षा वेगळी असेल तर पैसे घेण्याआधी विचारू.' हे पैसे भरायच्या बटणाच्या लगेच वर, तळाशी नाही.

गल्ला
चौकट द्या! लेबल लावलं की विषय संपला. यादी आणि जाहिरात वेगळी दिसते ना? अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) २००२ मध्ये सर्च इंजिनवाल्यांना पत्र पाठवलं होतं ना, पैसे घेऊन दाखवता ते वेगळं दिसू द्या म्हणून. पैसे घेऊ नका असं नव्हतं म्हटलेलं.

रिकामा_खण
लेबल असलं तरी त्या पानावर मी कर्ज नाही दाखवणार. तिथे येणाऱ्याला 'जाहिरात' हा शब्द दिसतो, पण शीर्षकात 'शिक्षणासाठी पैसे' लिहिलेलं असेल तर तो तेच वाचतो.

खडूस_संपादक
मी यावेळी गल्लाच्या बाजूने, लिहिताना हात थरथरतोय. यादी संपादकाची, चौकट जाहिरातदाराची. चौकटीचा मजकूर मात्र तुम्ही तपासा, 'कर्ज' हा शब्द शीर्षकातच असला पाहिजे. ते मान्य नसेल तर त्याला काय हवं होतं ते कळेलच.

अनुक्रमणिका
ही अट कळवली आहे. अजून उत्तर नाही.

टंकनदोष
फॉर्मच्या मजकुरात 'सुचवणी' च्या जागी 'सूचना' करा. बाकी उत्तम.

सेमीकोलन
आणि ते दोन फील्डचं?

अनुक्रमणिका
केलं. 'का' ची ओळ सक्तीची आहे. पहिल्याच दिवशी जोडीदाराने कारण लिहिलंय: 'असंच'.